किल्ली खिशात

फाटकावरच्या पोराने एम्रिस प्रोसरना अडवलं.
कार्ड?
एम्रिसनी हात दाखवले.
पोर हसलं. त्याचं काही चुकलं नाही,
त्याच्या यंत्राला हात वाचता येत नव्हते.

म्हणून वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी
लानेलीहून दोन बस बदलून ते आले,
दाढी करून, डबा घेऊन,
आणि आमच्या केंद्रातल्या चार नंबरच्या बोर्डासमोर उभे राहिले.
परीक्षक मी.
मी, जिला त्यांनी सतराव्या वर्षी
वायर सोलायला शिकवलं :
तांब्याला ओरखडा नको, नेरिस,
संत्रं सोलतेस ना, तशी. फोडीला कळता कामा नये.

ओळख असेल तर सांगायची, असा नियम.
सांगितली.
ऑफिस म्हणालं, या जिल्ह्यात
त्यांनी शिकवलं नाही असा परीक्षक
कुठून पैदा करू?

अर्ज आधीच वाचला होता मी.
अनुभव, वर्षांत : चौकोन दोन. पंचेचाळीस मावली.
कामाची खात्री देणारे तिघे :
त्यातले दोघे वारलेले.
शेजारी त्यांच्या तिरप्या अक्षरात,
'यांच्या घरचे दिवे अजून लागतात, जाऊन बघा.'
अर्ज परत गेला. दुसरी नावं मागवली.

लेखी परीक्षेत रंगांपाशी अडखळले.
त्यांच्या उमेदीत काळी वायर म्हणजे न्यूट्रल,
गरीब गाय.
आता तीच फेज होऊन बसलीय, शिंगं रोखून.
कामावर वीस वर्षं तिला ओळखून आहेत,
कागदावर पेन्सिल जुन्या गोठ्यात शिरली.
एक गुण गेला. मीच कापला.

मग प्रत्यक्ष.
स्विच पाडला. लाल कुलूप घातलं. चिठ्ठी अडकवली.
टेस्टर आधी जिवंत तारेवर : खरं बोलतोस ना?
मग बंद केलेल्या तारेवर : काही नाही.
मग पुन्हा जिवंत तारेवर :
मघाशी 'काही नाही' म्हणालास
तेव्हा शुद्धीवर होतास ना?
हात थरथरत होता, हे मी लिहून ठेवलं.
टोक मात्र जागेवर गेलं, अंधारात घास तोंडातच जातो तसं,
हे लिहायला रकाना नव्हता.

किल्ली त्यांनी खिशात टाकली.
खिसा एकदा थोपटला.

थोपटण्याला गुण नाहीत.
ते थोपटणं इडवालचं.
पोलाद कारखाना, रात्रपाळी,
किल्ली त्याने खिळ्याला टांगली होती, सगळेच टांगायचे,
आणि कुणीतरी चांगल्या मनाने दिवे लावले.
हे त्यांनी मला एकदाच सांगितलं,
शिडीवरून, खाली न बघता,
आणि लगेच म्हणाले, पक्कड दे.

उत्तीर्ण.
कार्ड पोस्टाने येईल म्हटलं, सोनेरी, तीन वर्षांचं.
तीन? म्हणाले.
मग मला कसं कळणार,
संपलं कोण, मी की कार्ड?
मी हसले नाही. केंद्रात कॅमेरे आहेत.
निघताना रिकामा डबा माझ्या टेबलावर विसरले,
परत येऊन घेऊन गेले.

सकाळी चार नंबरचा बोर्ड बंदच.
लाल कुलूप तसंच, चिठ्ठीवर त्यांची सही,
आणि समोर पुढचा उमेदवार, बावीसचा, कोरे बूट.
स्टोअरमधला हूव कटर घेऊन आला.
थांब, म्हटलं. फोन लावला.

खिशात आहे, म्हणाले एम्रिस.
मागे किटलीची शिट्टी वाजत होती.
दहाची बस धरतो.
मी येईपर्यंत कुणी काही चालू करू नका.

हूवने कटर परत नेला, पुटपुटत.
पोराने विचारलं, किती वेळ लागेल?
दोन बस, म्हटलं.
बस. चहा घे.