टिचकी

ओदेतेचे बूट घालून गेले,
अर्धा नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेला.
इल्याव्हूहून आवेइरूची सकाळची बस,
डाव्या हाताला मिठागरं,
वाफ्यावाफ्यांत साचलेलं करडं आभाळ.

ही आठवी मुलाखत.
सातवीनंतर त्यांनी पत्रही पाठवलं नाही.
सहावीनंतर पाठवलं, त्यात माझं नाव चुकलेलं,
देओलिंदाच्या जागी देओनिल्दा.
तिला नोकरी मिळाली नाही
याचं मला दोन दिवस वाईट वाटत होतं.

बसमध्ये ठरवलं,
आज सव्वीस वर्षांबद्दल माफी मागायची नाही.
मागे एकदा मागून झाली होती.
'कारखाना बंद पडला' म्हणताना
आवाज असा खाली गेला
जणू भट्टी मीच विझवली.

सव्वीस वर्षं मी ताटल्या ऐकल्या.
पट्ट्यावरून येईल ती
डाव्या तळहातावर तोलायची, उजव्या बोटाने टिचकी.
खणखणीत वाजली तर पुढे,
बद्द वाजली तर बाजूला,
मग वरून कितीही देखणी असो.
तडा आधी कानाला कळतो, डोळ्याला मागाहून.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं
ते रोजगार केंद्रातल्या मुलीला ठाऊक नव्हतं.
तिने लिहिलं, 'इतर'.

अकराची वेळ दिलेली.
अकरा वीसला खिडकीपाशी जाऊन विचारलं,
भांडायला नाही, नुसतं,
अजून किती वेळ, म्हणजे मला परतीच्या बसचं पाहता येईल.
मुलगी गोंधळली.
इथे कुणी विचारत नसावं.
आम्ही सगळे भिंतीकडेने बसलेले,
मांडीवर फाइल, फाइलवर हात,
डबा हरवलेल्या पोरांसारखे.
शेजारच्या वास्कूने, साठीचा, छापखान्यातून सुटलेला,
हळूच अंगठा वर केला.

आतला तरुण वाईट नव्हता.
नवा शर्ट, कॉलरला टाचणीचं भोक अजून ताजं.
"पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?"
चष्म्याच्या पुढच्या नंबरात, म्हटलं.
तो हसला नाही. लिहून घेतलं.
"उभ्याने काम आहे, वयाचा त्रास नाही ना होणार?"
होतो, म्हटलं, दुपारी तीननंतर, डावा गुडघा.
काम तीननंतरही होतं.
"मग एक आठवडा येऊन पाहा,
पगाराचं नंतर बोलू."

इथे मी पूर्वी हो म्हटलेलं आहे.
त्या हॉटेलात, नऊ दिवस
न्याहारीच्या बशा उचलल्या,
दहाव्या दिवशी जागा भरलेली होती
आणि मी 'आभारी आहे' म्हणून बाहेर पडले.
ते 'आभारी आहे' अजून घशात आहे,
माशाच्या काट्यासारखं.

त्याच्यासमोर कॉफीचा कप होता, रिकामा.
बोट आपोआप गेलं.
बद्द.
"ह्यात गरम ओतू नका," म्हटलं, "कान हातात राहील, कॉफी मांडीवर."
त्याने कप उलटसुलट करून पाहिला,
उजेडाकडे धरला.
त्याला काही दिसेना.
मी म्हटलं, येते की. आठवडाभर येते.
आकडा आधी सांगा, कागदावर.

"विचारावं लागेल."
विचारा, म्हटलं.
उठले, हात पुढे केला,
खुर्ची होती तिथे सरकवून ठेवली.

आज तेरा दिवस झाले. पत्र नाही.
भाडं पाच तारखेला, ते काही माझ्या ताठ मानेकडे बघून
थांबायचं नाही.
बोलले ते चुकलं का, असं रात्री एकदा वाटतं,
सकाळी वाटत नाही.

बूट पुसून, आत वर्तमानपत्र भरून
ओदेतेकडे द्यायला गेले.
ठेव ना अजून, म्हणाली.
बरं, म्हटलं, गुरुवारी आगेदाला जायचंय,
नळांचा कारखाना आहे.
नळही वाजवून पाहतात का गं?
माहीत नाही, म्हटलं.
विचारेन.