शंभराला एक

शिवानंद म्हणाला, मावशी,
इथून पुढं मेल कोरा जायचा नाही.
वर लेटरहेड पाहिजे.
राजकोटवाल्यांना कळायला नको का
आपण कोण ते?

आपण कोण ते
लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात होतं,
पॅडचं उरलेलं शेवटचं पान.
कंग्राळकर आणि हंचिनमनी, पॅटर्न मेकर्स,
उद्यमबाग, बेळगाव.
फोन नंबर पाच आकडी.
कोपऱ्यात करवतीचं चित्र,
शहापूरच्या प्रेसवाल्याकडं कुठल्याशा वखारीचा ब्लॉक पडून होता,
तोच लावला,
बारा रुपये वाचले.

यल्लोजी कंग्राळकर जाऊन अकरा वर्षं झाली.
बसवण्णी हंचिनमनी अजून येतात,
स्टुलावर बसून सागवानाचा भुसा चिमटीत धरून हुंगतात,
आणि मुलाला कानडीत, मला मराठीत
एकच गोष्ट सांगतात:
चहा सांग.

शिवानंदनं नवीन केलं.
निळी पट्टी, दातेरी चक्र,
हंचिनमनी पॅटर्न्स, बेळगावी.
छान झालंय म्हटलं.
छानच होतं.

मेल गेला, तासाभरात राजकोटहून फोन.
वर नुसती चौकट दिसते हो, आत फुली.
आणि एक सांगा,
ती बेळगावची फर्म आणि ही बेळगावीची
एकच का दोन?
एकच की.
मग कंग्राळकर?

ते जरा बाहेर गेलेत,
म्हणाले मी.

बसवण्णींनी विचारलं, काय म्हणतोय राजकोट?
सांगितलं.
ते फूटपट्टी पुसत बसले, बराच वेळ.
आमच्या धंद्यातली पट्टी दुकानात मिळते तसली नसते.
तिचा फूट फुटाहून केसभर लांब.
लोखंड निवताना आटतं,
शंभराला एक,
म्हणून लाकडात आधीच वाढवून कापायचं.
नवा पोरगा कामाला लागला
की यल्लोजी हे पहिल्या दिवशी सांगायचे,
आणि पोरगं हमखास हसायचं,
खोट्या पट्टीनं खरं माप कसलं म्हणून.

ते जुनं पान घाल मेलवर, बसवण्णी म्हणाले.
अप्पा, त्यावर दोन नावं,
बंद पडलेला नंबर, गावाचं नाव पण जुनं...
इरली बिडु.
मग माझ्याकडं वळून, असू दे की.

स्कॅनरमधून दिवा सरकत गेला.
पडद्यावर मोठं करून बघताना लक्षात आलं,
पान कोरं नाही.
वरच्या पानावर कधीतरी लिहिलेलं
खाली उमटलंय,
शाई नाही, नुसता दाब.
अक्षर यल्लोजींचं.
ते लिहायचेच असे,
की टेबलालाही वाचता यावं.
पुली, चौदा इंची. नग चार.
आटण धरली आहे.

हे घालवतो, शिवानंद म्हणाला,
एका क्लिकचं काम.
माऊसवर बोट.
मी पंचिंग मशीनमधले कागदाचे गोल ठिपके
उगाच डबीत ओतत राहिले.
शेवटी त्यानं तसंच सेव्ह केलं.
खाली बारीक अक्षरात बेळगावी घातलं तेवढं,
जीएसटीत आहे तसं,
आणि माझा मोबाईल नंबर.

आता दिवसाला सात-आठ मेल जातात,
राजकोट, कोइमतूर, शिरोळी.
कोटेशन. ड्रॉइंग मिळाल्याची पोच.
मार्चपासून थकलेल्या बिलाची तिसरी आठवण,
तिच्यामागं अंधूक
ती चौदा इंची पुली.
काहींना अजून चौकटच दिसत असेल, आत फुली.
कोण बघतंय एवढं?

काल कोइमतूरहून उत्तर आलं.
बिल पुढच्या आठवड्यात.
आणि खाली एक ओळ:
चौदा इंची पुलीचा पॅटर्न आहे काय तुमच्याकडं?

वाचून दाखवलं.
बसवण्णींनी चहाची बशी खाली ठेवली.
नग चारच पाहिजेत का, म्हणाले,
विचार.