हे पाणी कुठे ओतायचं

बस्त्यांवच्या रेडिओच्या दुकानात
ॲसिडची बाटली मागच्या खोलीत असायची, दार लावून.
एका पावसाळ्यात त्याचे सगळे पेचकस गंजले,
त्या खोलीत कधी न गेलेलेसुद्धा.
छातीचं काय झालं
ते खोकल्यावरून कळायचं, पलीकडच्या सलूनपर्यंत.
दुसरं ते तपकिरी, फेरिक क्लोराइड,
त्याला वाफ नाही,
पण बोटांवरचा पिवळा डाग
बस्त्यांवच्या लग्नाच्या फोटोतही आहे.

मी आधी आमसुलं घेतली.
आईची घागर त्यांनीच तर लखलखते.
पाटी रात्रभर बुडवली कोकमाच्या आगळात.
सकाळी तांबं इतकं सुंदर उजळलेलं,
आणि जिथल्या तिथे.
आंबट नुसतं पुसतं.
खायला त्याला प्राणवायू लागतो.

मग वाण्याकडून लिंबूफूल, वीस रुपयांचं,
औषधवाल्याकडून जखमा धुवायचं पेरॉक्साइड,
आणि मीठ? शिरोड्यात मीठ कोणाकडे मागायचं,
मिठागराच्या बांधावरून आलो
तर चपलेतूनच निघतं.
रेषा ओढल्या वहिनीच्या नेलपॉलिशने, गुलाबी.
श्रीखंडाचा रिकामा डबा, कुल्फीची काडी,
खिडकी उघडी, झाकण नाही.
बुडबुडे आले. डबा हाताला कोमट लागला.
पाणी आधी पोपटी, मग असं निळं
की प्यावंसं वाटलं क्षणभर,
म्हणून डब्यावर पहिली चिठ्ठी लावली: विष.

अर्ध्या तासात गुलाबी वाटा तेवढ्या उरल्या,
जाळ्याच्या बोयावर लुकलुकायच्या दिव्याच्या.

आई दारात. टोपलीत तिसऱ्या,
ओहोटीला खाडीतून वेचलेल्या.
"ह्यां पाणी आता खंय वततलंस?"
मी मोरीकडे बघितलं.
मोरी परसात जाते,
परसातून व्हाळ, व्हाळातून खाडी.
"लिंबाचाच आसा," म्हणणार होतो.
पण आता त्यात तांबं आहे,
आणि शिंपल्यातला जीव
पाणी गाळून गाळूनच जगतो.

भांडी घासायच्या तारेचा गोळा टाकला त्यात.
तार लालसर होत गेली, निळं फिकटलं,
तळाशी गाळ बसला.
गाळ सिमेंटात कालवीन म्हणतो.
वरचं पाणी अजून माळ्यावर आहे,
ही तिसरी बाटली.
आई येता-जाता वर बघते
आणि तिसऱ्यांची वाळू काढायला बसते.