तात्पुरती वाट

मानित्सोकमधून बाहेर जाणारा रस्ता नाही.
जे आहेत ते गावातल्या गावात संपतात,
एक धक्क्यावर, एक कचऱ्याच्या भट्टीपाशी,
एक पांढऱ्या क्रुसांच्या रांगेत.
पुढे खडक, बर्फ, पाणी.
आणि तुकुम्मेकचा पगार वाटा लिहिण्याचा.

दवाखान्याच्या तळघरात बॉयलरशेजारी
एक राखाडी पेटी. तिला चार पोर्टं.
जखमेवर लावायच्या चिकटपट्टीवर बॉलपेनने नावं:
समुद्र. आकाश. आत. खेकडे.

समुद्र म्हणजे तळाशी पडलेली केबल, नूकपर्यंतची.
आकाश म्हणजे छपरावरची तबकडी, महाग, आळशी.
आत म्हणजे क्ष-किरण यंत्र आणि नर्सबाईंचे चार संगणक.
खेकडे म्हणजे शेजारचा कारखाना;
आठवडाभरासाठी आसरा मागितला होता,
त्याला तीन हिवाळे झाले.

पेटी कोणालाच ओळखत नाही.
आलेल्या पुडक्याचा पत्ता वाचते,
यादीतली सगळ्यांत नेमकी ओळ शोधते,
तिथे ढकलते.
कुठलीच जुळली नाही तर शेवटची ओळ:
बाकीचं सगळं समुद्राकडे.
ही ओळ योकुमने लिहिलेली.
तो नूकला बदलून गेला, ओळ इथेच राहिली.

मंगळवारी दुपारी, अंधार पडून गेल्यावर,
हिमनगाने म्हणा, कोणाच्या जाळ्याने म्हणा,
केबल तुटली.
समुद्राचा दिवा मात्र हिरवाच.
दिव्याला दिसतं भिंतीपलीकडच्या मोडेमपर्यंत,
त्यापुढे तो नुसता विश्वास ठेवतो.

वरच्या मजल्यावर मिनिक, वय नऊ,
धक्क्याच्या लाकडी जिन्यावरून घसरलेला.
त्याच्या मांडीच्या हाडाचं चित्र
नूकच्या डॉक्टरकडे निघालं
आणि पोचलं नाही.
पुन्हा निघालं.
पेटी प्रत्येक वेळी इमानाने
त्याला समुद्रात सोडत होती.

आपल्याकडे 'वाट लावली' म्हटलं की लोक कपाळाला हात लावतात.
इथे ती अक्षरशः तेच करत होती,
आणि जिन्यातून नर्स सारखी विचारत होती,
लागली का?

दहा, चाळीस, शून्य, शून्य. मास्क सोळा.
पुढचा मुक्काम: आकाश.
फक्त एवढ्याच पत्त्यांसाठी.
खेकडे समुद्राकडेच राहू देत,
त्यांची त्याबद्दल तक्रार नसावी.

चित्र गेलं.
पोचपावती नाही.

उपग्रह-फोनवर योकुम, आवाज दोन श्वास उशिरा:
तुझी पुडकी दारापर्यंत येताहेत.
मग उत्तर दे.
देतोय की. नेहमीच्या वाटेने.
नेहमीची वाट तळाशी तुटून पडलीय, योकुम.
जायची मी लिहिली.
यायची तुझ्या बाजूने लिहावी लागते.

मग फोनमध्ये काही नाही,
फक्त कळांची टकटक, तीही दोन श्वास उशिरा.

हाड दिसलं त्यांना. दोन जागी मोडलेलं.
प्लास्टर कसं घालायचं ते ओळीओळीने आलं,
रात्री पावणेअकराला.
मिनिक तेव्हा झोपला होता, तोंड उघडं टाकून.

घरी जाताना ब्याऐंशी पायऱ्या.
साठाव्यावर ती थांबली.
सेव्ह केलंच नाही.
आता वीज नुसती लुकलुकली तरी
पेटी जुनी यादी घेऊन जागी होईल
आणि सगळं पुन्हा समुद्रात.

मागे वळली. आलेली पावलं बुजून गेली होती.
ती त्यांच्या भरवशावर कधी नव्हतीच.

सेव्ह. मग चिकटपट्टीचा नवा तुकडा:
'तात्पुरतं. केबल जुळली की ही ओळ काढणे.'
लावायला जागा शोधली तर पेटीच्या कुशीला
एक जुनी पट्टी, कडा काळ्या पडलेल्या,
योकुमचं अक्षर:
'तात्पुरतं.'
कशाबद्दल, ते पुसलं गेलेलं.

तिने आपली त्याच्या खाली लावली.