बाराव्याच्या वर

मान वाकली होती.
आधी बोटांना कळलं, मग कानांना,
मग बाळीवेशीतल्या एका हळदीत
ढोलकीवाल्या सत्तारनं माईकवरच विचारलं,
"तुझी गिटार रडायलीय का बे?"

चोवीस वर्षं. लाल रंग, कुण्या बड्या कंपनीची नक्कल,
नावाची अक्षरं घामानं कधीच पुसलेली.
सोलापूरचा एप्रिल लाकडाला काय करतो
ते लाकूडच जाणे:
टेम्पोत, स्पीकरच्या खोक्यावर, ताडपत्रीखाली,
आणि वर त्रेचाळीस अंश.
मानेतला गज मी पिळत पिळत
शेवटच्या आट्यापर्यंत नेला.
पुढं चावी नुसतीच फिरायची.

मिरजेला फोन केला. सतारी करणारा माणूस
एवढंच म्हणाला, "विजेची ना? मग नाही."
पुण्याहून नवी मान मागवली,
म्हणजे तीन लग्नं आणि एक गणपती.
आली, तर भोकं जुळेनात.
चारांतलं एक बसायचं,
बाकीची तीन दोन-दोन मिलिमीटर शेजारी,
वाटणी झालेल्या भावांसारखी,
भिंतीला भिंत, पण दारं भलतीकडं.

मग साखर पेठेत लिंबय्या म्याकल.
पूर्वी मागाचे धोटे करायचा.
माग गेले, तसा आता पोळपाट आणि खाटेचे पाय.
दुकानासमोर निळ्या पिंपांची रांग,
पाणी पाचव्या दिवसाचं.

नव्या मानेकडं त्यानं बघितलंच नाही.
जुनी घेतली, चष्मा कपाळावर सारला,
डोळे मिटून अंगठा फिरवला.
"इथं लई बसलाय तू."
पाचवा पडदा. सातवा.
तारेखाली धातूत चर,
मधल्या लाकडात बोटांचे खळगे,
ज्वारीचा दाणा बसेल एवढे.
"धोटा बघून मी सांगायचो,
विणणारा डावरा का उजवा,
आणि चहाला किती वेळा उठतो."

मग अंगठा बाराव्याच्या वर गेला
आणि थांबला.
"इथं कोणच आलं नाही काय रे?"

मी खाली पडलेला भुसा बघत राहिलो.
तिथं पडदे दुकानातून आत्ता आणल्यासारखे,
लाकडावर पॉलिशही शाबूत.
वरात पुढं ढकलायला पाचवा-सातवा पुरतो.
वर जायचं वय होतं तेव्हा
वरचं सगळं कीबोर्डवाला वाजवायचा,
मग पोरीची फी होती,
मग काहीच नव्हतं, तरी गेलो नाही.

जुन्या हातमागाच्या फणीतल्या काड्या
त्यानं डिंकात बुडवून भोकांत ठोकल्या,
रात्रभर सुकू दिल्या.
सकाळी नवी भोकं पाडली, गिरमिटानं, हातानं,
यंत्र शेजारीच असताना.
पैसे किती, तर साठ.
"आणि ही जुनी मान ठेव हितं."
मला वाटलं, काहीतरी मोठं बोलेल.
"खिडकीला टेकण नाही," म्हणाला,
आणि लावूनही टाकली.
खिडकी उघडी राहिली.

नवी मान हातात पाहुण्यासारखी,
अंगठ्याला टेकायची जागा सापडेना.
घरी आलो, वायर न जोडता बसलो.
विजेशिवाय ती डासाएवढंच बोलते.
पंधराव्यावर बोट ठेवलं.
चुकलं.
पुन्हा ठेवलं, तर तार करकरली.
तेवढ्यात बोळात हाक, "पाणी आलं!"
हंडे, कळश्या, कुणाची मोटर,
आणि आतून रेणुका, "उठताय का आज?"

"आलो," म्हणालो,
आणि सोळावा शोधू लागलो.