टक्

उद्यमनगर. वडणग्याच्या चौगुल्यांचं
रसाच्या गाड्यावरचं इंजिन.
दस्तगीरचाचा किल्ली फिरवतात:
टक्.
परत टक्. पुढं काही नाही.

"बॅटरी न्हवं ही. सोलेनॉइड गेलाय.
निगेटिव्ह आधी सोड."
सोडते.
बाराचा पाना, दोन बोल्ट.
स्प्रिंग उडून गटारात जाते,
एवढं तेवढं सांगायचं राहिलेलं.

जुना उघडला. तांब्याची चकती
एका अंगानं काळी, खड्डे पडलेली.
"पूर्वी हीच उलटी करून बसवायचो.
आणखी चार वर्षं ओढायची."

नवा बसला. किल्ली माझ्या हातात.
धडधड. फळीवरचे चहाचे कप
थोडे थोडे सरकत कडेला येतात.

चाचा कप धरत नाहीत.
चकती पुसतात, कोरी बाजू अंगठ्यानं चाचपत
खिशात टाकतात.