परांची

पाषाणच्या लॅबमध्ये मी जेल बनवते.
आई गल्लीत सांगते, पोरगी जेलात कामाला लागली,
आणि आमच्या येरवड्यात
त्याचं कुणालाच नवल वाटत नाही.

फ्रिजमध्ये असतं तोवर ते पाणीच.
सुईतून मणक्याच्या फटीत उतरतं,
अंगाची ऊब लागली की
खरवसासारखं हलकेच धरतं.
जखम जशी वेडीवाकडी, तसंच तेही.
आतल्या धाग्यांना धरून
तुटलेल्या मज्जातंतूंनी पुढं सरकावं,
एवढंच आमचं मागणं.

अप्पांना हे सांगायला शब्द सापडेना.
मग म्हटलं, अप्पा, परांची.

बाणेरला, नवव्या मजल्यावर,
त्यांच्या हातची गाठ सुटली नव्हती,
बांबू मोडला होता.
दर नव्या डॉक्टरला ते आधी हेच सांगतात.
अकरा वर्षं झाली,
कमरेखालचं अंग शेजाऱ्यासारखं राहतं,
हाक मारली तरी दार उघडत नाही.

परांची म्हणताच उशीला टेकून सरळ झाले.
"भोकं केवढी ठेवता?"
पेशी शिरेल एवढी.
"वजन पेलतं?"
नाही, मऊच लागतं, मेंदूइतकं मऊ,
कडक झालं तर भोवतालचं दुखावतं.
"आन् काम झाल्यावर उतरवतं कोण?"
कुणी नाही अप्पा. विरघळतं आपोआप.

बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
"आमची उतरवताना कुणी थांबायचं न्हाई बघायला.
बांधताना मालक स्वतः यायचा."

आज सतरा नंबरच्या उंदरानं
मागच्या पायाची बोटं फाकवली.
एकदाच. झोपेतही असेल.
केळुसकर मॅडम म्हणाल्या, व्हिडिओ परत बघू,
वहीत नको लिहूस एवढ्यात.
नाही लिहिलं.

विद्यापीठ चौकात बस अडकली.
समोर हिरव्या जाळीआड एक इमारत,
आता लोखंडी पाइप असतात, बांबू नाहीत,
जाळीच्या वरच्या टोकाला कुणीतरी
शर्ट वाळत घातला होता.
दोन सिग्नल गेले तरी मी तोच बघत होते.

रात्री अप्पांच्या तळव्यांना तेल लावताना
रोजच्यासारखं विचारलं, कळतंय का?
"न्हाई."
मग माझा हात थांबलेला बघून
त्यांनीच विचारलं,
"उंदरं बरी हायेत का तुझी?"

खातायत, म्हटलं.
आणि दुसरा पाय मांडीवर घेतला.